मुठीत मावणारी बॅटरी निवडताना: झोत, रंग आणि किंमत यांची घरगुती पारख

सोलापुरात टॉर्चला अजूनही बॅटरीच म्हणतात आणि तिच्यात घालतात तो सेल. या लेखातही तीच बोली ठेवली आहे. नवी पेठेतील एखाद्या दुकानात खिशात मावणारी एलईडी बॅटरी मागितली, की काउंटरवर एकाच चणीच्या पाच-सहा बॅटऱ्या मांडल्या जातात, त्यांच्या खोक्यांवरचे उजेडाचे आकडे आठशे ल्यूमेनपासून (ल्यूमेन हे एकूण उजेडाचे माप) वीस हजारांपर्यंत काहीही असतात, आणि दुकानदार भर दुपारी समोरच्या भिंतीवर ठिपका पाडून ‘फोकस बघा किती लांब जातो’ असे सांगतो. खोक्यावरचा आकडा, बॅटरीचा आकार आणि तो दुपारचा ठिपका यांवरून चांगली बॅटरी ओळखता येत नाही. ती ओळखण्यासाठी कागद-पेन्सिलीचे थोडे गणित, एक पांढरी भिंत, एक मोबाइल आणि एक अंधारी रात्र एवढे साहित्य मात्र पुरते.

पहिली पायरी: अंतर ठरवणे

बाजारात जाण्यापूर्वी आपल्याला किती अंतरावरचे पाहायचे आहे, हे मीटरमध्ये लिहून काढावे. वीज गेल्यावर घरातल्या घरात वावरायचे असेल, तर अंतर दोन-तीन मीटरचे असते आणि पाच-दहा ल्यूमेनही पुरतात. रात्री रस्त्याने चालायचे असेल, तर पायापासून दहा मीटरपर्यंतची जमीन दिसली पाहिजे, आणि त्यासाठी पन्नास ते शंभर ल्यूमेनचा पसरट उजेड उत्तम ठरतो. ज्यांच्या पंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळते त्या शेतकऱ्याला दारे धरायला निघताना दोन वेगळी अंतरे सांभाळावी लागतात: पावलापुढची बांधावरची जागा, जिथे मण्यार किंवा घोणस असू शकते, आणि पन्नास-साठ मीटरवरचा पाट, जिथे पाणी फुटले आहे की नाही हे पाहायचे असते. एकाच बॅटरीकडून ही दोन्ही कामे हवी असतील, तर तिच्या झोताचा आकार हा ल्यूमेनपेक्षा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

तुलनेसाठी सांगायचे, तर जुन्या पत्र्याच्या दोन सेलच्या बॅटरीतला तारेचा दिवा फार तर वीसेक ल्यूमेन देत असे, आणि त्या उजेडात आपल्या मागच्या पिढीने रात्री-रात्री शेते भिजवली.

दुसरी पायरी: ल्यूमेन आणि कँडेला यांतला फरक

बॅटरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे ल्यूमेन, आणि एका ठरावीक दिशेला त्या उजेडाची तीव्रता म्हणजे कँडेला. नळाच्या तोंडावर बोट धरले, की पाणी तेवढेच राहून धार लांब जाते. परावर्तक (म्हणजे आरसा) आणि भिंग उजेडाच्या बाबतीत तेच काम करतात. म्हणून तीनशे ल्यूमेनची एक बॅटरी दोनशे मीटरवरचे झाड दाखवते, तर तीनशेच ल्यूमेनची दुसरी चाळीस मीटरवर थकते, आणि यांपैकी कोणतीही खोटी नसते.

लांब पल्ल्याचा आकडा कसा काढतात, हे एकदा समजले की खोके वाचणे सोपे होते. एएनएसआय एफएल1 या अमेरिकी मानकानुसार ज्या अंतरावर पडणारा उजेड 0.25 लक्सपर्यंत (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उतरतो, ते अंतर पल्ला म्हणून छापले जाते, आणि कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की तेच मीटरमध्ये मिळते. चार हजार कँडेलाच्या बॅटरीचा पल्ला अशा रीतीने सुमारे 126 मीटर येतो. पण 0.25 लक्स म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी त्या चांदण्यात किती दिसते, हे अनुभवलेले असते: रस्ता कळतो, पुढे माणूस चालला आहे हेही कळते, पण त्याच्या पायात चप्पल आहे की नाही हे कळत नाही. म्हणून छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 126 मीटरच्या बॅटरीला साधारण चाळीस मीटर, हाच कामाचा पल्ला धरावा. तिथे उजेड नऊपट, म्हणजे सव्वादोन लक्स असतो, आणि पाणी व सुकी माती वेगवेगळी ओळखू येतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पल्ला दुप्पट करायचा, तर तीव्रता चौपट करावी लागते. दुकानदार आठशेऐवजी हजार ल्यूमेनची बॅटरी पुढे करतो आणि त्यासाठी चारशे रुपये जास्त सांगतो, तेव्हा तो जवळजवळ न दिसणारा फरक विकत असतो, कारण आपल्या डोळ्यालाही उजेडातली वाढ त्याच प्रमाणात जाणवत नाही.

तिसरी पायरी: खोक्यावरचे आकडे तपासणे

माझ्या मते नवख्या माणसाचे सर्वाधिक पैसे या पायरीवर वाचतात, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

खिशातल्या चांगल्या बॅटऱ्यांमध्ये बहुतेक वेळा दोन प्रकारचे सेल येतात. एक आपला नेहमीचा पेन्सिल सेल, म्हणजे एए मापाचा, आणि दुसरा 18650 हा लिथियम सेल. या दुसऱ्याच्या नावातच त्याचे माप आहे: व्यास 18 मिलिमीटर आणि लांबी 65 मिलिमीटर. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 2500 ते 3500 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये साठलेल्या विजेचे माप) असते आणि वजन 45 ते 50 ग्रॅमच्या आसपास भरते. या सेलवर 5800, 6800 किंवा 9800 एमएएच असा आकडा दिसला, तर तो आकडा खोटा आहे एवढेच समजावे आणि ती बॅटरी परत ठेवावी. मीही एकदा असा 9800 एमएएचचा सेल असलेली झूमवाली बॅटरी हौसेने घेतली होती. उसाच्या फडाजवळ चाळीस मिनिटांत तिने मान टाकली, तेव्हा दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तो सेल ठेवून पाहिला, तर तो 27 ग्रॅम भरला. आपल्या ओळखीत सराफ नसला, तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असल्याने सेलच्या वेष्टनावर आयएस 16046 हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे.

दुसरा हिशेब ऊर्जेचा आहे. 3000 एमएएचचा लिथियम सेल सरासरी 3.6 व्होल्टला सुमारे 11 वॅट-तास ऊर्जा देतो. चांगली एलईडी आणि तिचे सर्किट मिळून एका वॅटमागे साधारण शंभर ल्यूमेन बाहेर पडले, तर त्या सेलमध्ये सगळे मिळून अकराशे ल्यूमेन-तास आहेत. म्हणजे अकराशे ल्यूमेन एक तास किंवा एकशे दहा ल्यूमेन दहा तास. अतिशय मंद उजेडात हे प्रमाण थोडे सुधारते, हे खरे, पण एका सेलवर हजार ल्यूमेन सहा तास असे जिथे छापलेले असते, तिथे वरचा गुणाकार करून पाहिला की सहा हजार येतात, आणि सेलमध्ये तेवढी शिदोरीच नसते. पेन्सिल सेलच्या मापाचा चार्ज होणारा निकेल सेल 1.2 व्होल्ट आणि 2000 एमएएचचा असतो, म्हणजे त्यात जेमतेम 2.4 वॅट-तास ऊर्जा मावते. शंभर ल्यूमेनवर तो दोन तास चालला, तरी त्याने आपले काम चोख केले असे म्हणावे.

एलईडीच्या नावाचाही असाच भुलावा असतो. स्वस्त बॅटऱ्यांच्या खोक्यावर ‘टी6’ हे नाव एखाद्या बिरुदासारखे छापलेले असते. क्री या कंपनीच्या एक्सएम-एल या एलईडीच्या उजेडाची जी प्रतवारी असते, तिच्यातल्या एका प्रतीचे ते चिन्ह आहे. अस्सल एक्सएम-एललाही पूर्ण तीन अँपिअर दिल्यावर साधारण हजार ल्यूमेनपर्यंतच जाता येते, तेव्हा तिच्या जोरावर दहा हजारांचा दावा करणाऱ्या खोक्याविषयी जास्त बोलायला नको.

खोक्यावर एफएल1 चिन्हांसह ल्यूमेन, कँडेला, पल्ला आणि चालण्याचा कालावधी असे चारही आकडे असतील, तर कंपनीने निदान मोजमाप केले आहे असे धरायला हरकत नाही. मात्र या मानकात ल्यूमेन बॅटरी सुरू केल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि कालावधी मूळ उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. म्हणजे ‘1000 ल्यूमेन, 3 तास’ याचा प्रामाणिक अर्थसुद्धा तीन मिनिटे हजार आणि उरलेला वेळ अडीचशे असा असू शकतो. मुठीएवढ्या नळीला हजार ल्यूमेनची उष्णता बाहेर टाकणे झेपत नाही, म्हणून बॅटरी स्वतःच उजेड उतरवते. हा दोष मानू नये. उन्हाळ्यात, सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असताना, ही उतरण आणखी लवकर येते.

चौथी पायरी: भिंतीवर झोत पाहणे

रात्री खोलीतले दिवे घालवून पांढऱ्या भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभे राहावे आणि तुलनेच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी शेजारी-शेजारी भिंतीवर धराव्यात. एकामागून एक पाहिल्यास डोळा दर वेळी नव्या पांढऱ्याला सरावतो आणि रंगातला फरक हातचा निसटतो, म्हणून हे एकाच वेळी करण्याला महत्त्व आहे.

चांगल्या झोताचे तीन भाग दिसतात: मधला तेजस्वी गाभा, त्याभोवतीची मवाळ कडा आणि बाहेरचा पसारा. गाभा गोल आहे का, त्याच्या मधोमध काळसर डाग पडतो का, आणि कडेचा पसारा एकसारखा आहे की त्यात कांद्याच्या चकतीसारखी वलये दिसतात, हे पाहावे. मधला काळा डाग बहुतेक वेळा एलईडी आरशाच्या योग्य खोलीवर बसवलेली नसल्याचे सांगतो. गुळगुळीत आरशाची बॅटरी लांब जाते, पण वलये दाखवते. संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत आरशाचा पल्ला किंचित कमी असतो, पण झोत सायीसारखा मऊ येतो, आणि चालण्यासाठी तोच बरा. आरशाऐवजी पारदर्शक प्लास्टिकचे भरीव भिंग असलेल्या बॅटऱ्यांचा झोतही असाच मऊ असतो, फक्त त्यांचा बाहेरचा पसारा कमी रुंद असतो.

झूमच्या बॅटरीविषयी नवख्यांना फार आकर्षण असते, म्हणून तिच्याबद्दल स्वतंत्र सांगतो. डोके पुढे ओढले, की भिंतीवर एक धारदार चौकोन उमटतो. ते एलईडीच्या चौकोनी चकतीचे चित्र असते. त्या अवस्थेत भिंगाबाहेर जाणारा बराचसा उजेड नळीतच अडतो आणि वाया जातो, शिवाय चौकोनाच्या बाहेर काहीच दिसत नाही. पाटाचे टोक पाहायला हे ठीक आहे, पण तो चौकोन पुढे ठेवून बांधावरून चालणे म्हणजे पायाखालचा साप दिसू नये अशी सोय करणे होय. सरकत्या डोक्यातून धूळ आणि पाणी आत जाते ते वेगळेच.

भिंतीवरच आणखी एक चाचणी उरकावी. मंद उजेडावर बॅटरी लावून तिच्यासमोर पेन्सिल वेगाने हलवावी. पेन्सिलीच्या तुटक-तुटक सावल्या दिसल्या, तर सर्किट उजेड सतत चालू-बंद करून मंदपणा आणते आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्या झोताकडे पाहिल्यास आडवे पट्टे सरकतानाही दिसतात. वेग फार जास्त असेल, तर डोळ्याला त्रास होत नाही, पण पंख्याची पाती अडखळल्यासारखी दिसू लागली, तर अशा उजेडात वाचताना डोके दुखू शकते.

पाचवी पायरी: रंगांची पारख चादरीवर

पांढऱ्या एलईडीत खरे तर निळा उजेड देणारी चकती असते, आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर त्या निळ्याचा काही भाग इतर रंगांत बदलतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, तिच्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. थर पातळ आणि साधा असला, की उजेड जास्त पडतो, पण त्यात लाल रंगाचा वाटा फार कमी राहतो. अशा थंड पांढऱ्या बॅटरीचे रंगतापमान, म्हणजे उजेड निळसर की पिवळसर हे सांगणारे माप, 6500 केल्व्हिन किंवा त्याहून जास्त असते. 4000 ते 5000 केल्व्हिन म्हणजे सकाळच्या उन्हासारखा तटस्थ पांढरा, आणि 3000 म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्यासारखा. रंग किती खरे दिसतात, त्याचे माप सीआरआय हे आहे. सामान्य बॅटरीत ते 70 च्या आसपास असते, आणि चांगल्या मानल्या जाणाऱ्या निचिया 519ए सारख्या एलईडीत 90 च्या पुढे.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा घरातली सोलापुरी चादर काढावी. तिच्यातला मरून, काळपट लाल आणि तपकिरी हे रंग शेजारी-शेजारी असतील असा भाग भिंतीला टांगून दोन्ही बॅटऱ्यांनी उजळावा. कमी सीआरआयच्या उजेडात मरून आणि तपकिरी यांची सरमिसळ होते आणि लाल रंग मातकट दिसतो, तर चांगल्या उजेडात विणीतला प्रत्येक धागा आपला रंग राखतो. हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. वाळलेल्या कडब्यात पडलेली घोणस तपकिरीवर तपकिरी असते, आणि ती वेगळी दिसण्यासाठी हा तांबूस फरक डोळ्यांपर्यंत पोहोचावा लागतो. जास्त सीआरआयची बॅटरी तेवढ्याच विजेवर थोडा कमी उजेड देते. बांधावर चालणाऱ्याने हा सौदा बिनदिक्कत करावा, असे माझे मत आहे.

सहावी पायरी: मोबाइलने मोजणे

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये उजेड ओळखणारा सेन्सर असतो, आणि लक्स दाखवणारे ॲप फुकट मिळते. त्याचा आकडा प्रयोगशाळेतल्या मापकाशी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण एकाच फोनवर दोन बॅटऱ्यांची तुलना करण्यासाठी तो पुरेसा आहे.

तीव्रतेसाठी अंधाऱ्या बोळात किंवा गच्चीवर पाच मीटर अंतर टेपने मोजावे, झोताचा गाभा नेमका फोनच्या सेन्सरवर आणावा आणि आलेल्या लक्सला पंचवीसने गुणावे. 160 लक्स आले, तर चार हजार कँडेला. एक मीटरवरून मोजण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्या जवळ झोत नीट जुळून आलेला नसतो आणि सेन्सरही कमाल मर्यादेला टेकतो. एकूण उजेडासाठी पांढऱ्या छताचे छोटे न्हाणीघर उत्तम. बॅटरी जमिनीवर उभी करून छताकडे रोखावी, फोन थोडा बाजूला आडवा ठेवावा आणि आकडा टिपावा. मित्राकडून एखादी विश्वासू मोजमापाची बॅटरी उसनी आणता आली, तर तिच्याशी प्रमाण लावून आपल्या बॅटरीचे खरे ल्यूमेन अंदाजाने काढता येतात.

याच मांडणीत फोन आणि बॅटरी न हलवता पहिल्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आणि मग दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत गेल्यास बॅटरीच्या सर्किटचा स्वभाव कळतो. नियंत्रित सर्किटची बॅटरी एका पातळीवर बराच वेळ स्थिर राहते आणि शेवटी झपाट्याने उतरते, तर सर्किट नसलेली बॅटरी पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू विझत जाते. पहिलीचा तोटा एवढाच, की ती सेल संपत आल्याची सूचना उशिरा देते, त्यामुळे शेतात जाताना एक भरलेला सेल खिशात ठेवावा.

शेवटी एकदा बाहेर जाऊन खऱ्या अंधारात पाहावे. अमावास्येच्या जवळपासची रात्र आणि होटगीकडचे एखादे मोकळे रान यासाठी चांगले. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला मात्र हा खेळ करू नये. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एकदा प्रखर झोत जवळच्या भिंतीवर मारला, की ती कमाई जाते. म्हणूनच एक ते पाच ल्यूमेनचा अतिमंद टप्पा असलेली बॅटरी मी तो टप्पा नसलेल्या दुप्पट प्रखर बॅटरीपेक्षा वरची मानतो.

सातवी पायरी: किमतीचा हिशेब

समजा, आतच बसवलेल्या शिशाच्या सेलची स्वस्त बॅटरी तीनशे रुपयांना मिळते आणि दीड वर्षात बाद होते. शिशाचा सेल उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिला, की पुन्हा नीट चार्ज होत नाही, म्हणून हा अनुभव सार्वत्रिक आहे. दुसरीकडे 18650 सेल बदलता येणारी नियंत्रित सर्किटची बॅटरी सेलसह पंधराशेला घेतली आणि तीन-चार वर्षांनी पाचशेचा नवा सेल घातला. सहा वर्षांत पहिलीचा खर्च बाराशे होतो आणि दुसरीचा दोन हजार. म्हणजे महाग बॅटरी अखेरीस स्वस्त पडते, हे नेहमीचे वाक्य इथे खरे ठरत नाही. वर्षाला सव्वाशे-दीडशे रुपये जास्त देऊन आपण स्थिर उजेड, खरे रंग आणि ऐनवेळी न विझण्याची खात्री विकत घेतो. रात्री शेतात जाणाऱ्याला ती किंमत परवडते. वीज गेल्यावर मेणबत्ती सापडेपर्यंत उजेड हवा असणाऱ्याने मात्र पेन्सिल सेलची साधी बॅटरी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगले निकेल सेल व चार्जर आणावा. अल्कलाइन सेल आत ठेवून बॅटरी कपाटात विसरू नये, कारण ते गळतात आणि स्प्रिंग खातात.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. सेल बाहेर काढता येतो का. यूएसबी-सी चार्जिंग असल्यास दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ती चार्ज होते का, कारण अनेक स्वस्त बॅटऱ्यांत त्यासाठी लागणारे दोन बारीक रेझिस्टर बसवलेलेच नसतात. आणि आयपीएक्स4 म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, यांपैकी नेमके काय छापले आहे. आपल्याकडची पांढरी धूळ पाहता चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण घट्ट बसते का, हेही बोटाने दाबून पाहावे.

घरी आणल्यावर मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवावी, म्हणजे खिशात चुकून बटण दाबले गेले, तरी बॅटरी लागत नाही. प्रखर टप्प्यावर कापडाला टेकून लागलेली बॅटरी कापड जाळू शकते. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत बॅटरी मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. बरेच दिवस वापरायची नसेल, तर सेल निम्मा चार्ज करून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.